चटई भाड्याने मिळेल

आमच्या घरात पाऊल टाकणारा माणूस पहिल्यांदा वर बघतो, कारण चटयांचे ढीग छतापर्यंत गेलेले आहेत. मग तो बसायला जागा शोधतो आणि ती न मिळाल्यामुळे उभ्याउभ्याच म्हणतो, "मनूसिऊ, केवढी श्रीमंत गं तू!" माझी आई यावर गोड हसते. त्यातली एकही चटई आमची नाही, हे सांगत बसत नाही.

माझी आई सावकार आहे. पुढच्या खोलीला एक खिडकी, खिडकीला जाळी, जाळीमागे आई, एवढीच आमची पेढी. शहरातल्या मोठ्या बँकेला तारण म्हणून जमीन लागते. टोंगात बायकांच्या नावावर जमीन नसते, चटया असतात. केवड्याच्या पातीच्या, महिनोन्‌महिने बसून विणलेल्या. लग्न असो, मयत असो, चर्चमधला समारंभ असो, चटई कमरेला गुंडाळल्याशिवाय आणि भेट दिल्याशिवाय पान हलत नाही. चटई जितकी जुनी आणि फाटकी तितका तिचा मान मोठा. (हा नियम माणसांना का लागू नाही, असं बाबा कधीकधी विचारतात. आई चटया मोजायला लागते.) तर बाई चटई आणून ठेवते, पैसे नेते, आणि ऑकलंडच्या मुलाने पैसे पाठवले की फेडून चटई घेऊन जाते. म्हणजे कर्ज घेणारी इथे, फेडणारा ऑकलंडला, मध्ये समुद्र, आणि समुद्राखाली एक तार.

जानेवारीत ज्वालामुखी फुटला, लाट आली, राख पडली, आणि ती तार तुटली.

आमच्या गावातली माणसं वाचली, ही देवाची कृपा. त्यांची डुकरंही बरीचशी वाचली. फक्त पैसे पाठवायच्या कचेरीच्या दारावर 'आज बंद' अशी पाटी लागली आणि तो 'आज' काही संपेना. कुणी कर्ज फेडेना. नवीन कर्ज मात्र सगळ्यांना हवं. चटया येत राहिल्या, गल्ल्यातले पैसे जात राहिले, आणि शेवटी गल्ला रिकामा आणि घर गच्च अशी आमची भरभराट झाली. मी आणि माझा भाऊ लोकांच्या इज्जतीच्या थप्पीवर झोपायचो. सकाळी उठून त्या राखेसाठी झटकायच्या, दुपारी उन्हात घालायच्या, संध्याकाळी उंदरांसाठी मोजायच्या.

गावातल्या इतर सावकारांनी काळाप्रमाणे पावलं टाकली. चौकातल्या सिओसाइयांनी कर्ज कोंबड्यांत द्यायला सुरुवात केली, व्याज अंड्यांत. धंदा झकास चालला. मग कर्जदारांनी मुद्दलच शिजवून खाल्लं आणि सिओसाइया आता सकाळी सगळ्यांच्या आवारात वाकून वाकून पिसं शोधतात. दुसऱ्या एका बाईंनी दुकान बंद केलं आणि देवावर भरवसा ठेवला. त्यांचं आमच्यापेक्षा बरं चाललं होतं.

अशा वेळी घराला एका तल्लख डोक्याची गरज असते. ते डोकं माझ्या मानेवर होतं. मी नुकतीच शाळेच्या वादविवाद संघाची कप्तान झाले होते आणि वाणिज्य विषयात बाईंनी माझा निबंध वर्गात वाचून दाखवला होता. त्यामुळे देशाच्या अर्थव्यवस्थेची जबाबदारी आपल्यावर आहे, अशी माझी साधारण समजूत झाली होती.

"आई," मी म्हणाले, "या चटया नुसत्या पडून आहेत. पडून असलेली मालमत्ता म्हणजे मेलेली मालमत्ता."

"मेलेली असती तर एवढी जागा नसती खाल्ली."

"भाड्याने द्यायच्या! ज्यांच्या चटया राखेत खराब झाल्या त्यांनी काय नेसून चर्चमध्ये जायचं? एका दिवसापुरती न्यायची, कमरेला गुंडाळायची, संध्याकाळी परत. द्यायची कुणाला नाही, फक्त नेसायची."

आईने माझ्याकडे असं पाहिलं, जसं ती वाटाण्याएवढं रताळं घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाकडे पाहते. पण गल्ला रिकामा होता. शेवटी ती म्हणाली, "मालकिणींना विचारून. आणि ती सगळ्यात वरची सोडून."

सगळ्यात वरची चटई फोउंगाआजींची होती. तिच्यात त्यांच्या पणजीचं लग्न झालं होतं. कडेने झिरझिरीत, मधे भोकं, म्हणजे अनमोल. पुढच्या आठवड्यात शनिवारी त्यांची नात सिलिया हीच चटई गुंडाळून लग्नाला उभी राहणार होती. गावातल्या मुलाने इथेच कसेबसे पैसे जमवले होते, आदल्या दिवशी शुक्रवारी आजी फेडायला येणार होत्या. "हिला काही झालं," आई म्हणाली, "तर या गावात आपल्या खिडकीशी कुत्रंसुद्धा येणार नाही."

परवान्यासाठी मी स्वतः कचेरीत गेले. तिथला साहेब फार नियमाचा माणूस.

"तुझ्या आईकडे सावकारीचा परवाना आहे. भाड्याचा नाही."

"मग भाड्याचा द्या."

"तो संगणकावर निघतो."

"मग काढा."

"संगणक तारेवर चालतो. तार समुद्रात तुटली आहे."

"तोपर्यंत काय करू?"

"तोपर्यंत अर्ज कर."

"कुठे?"

"संगणकावर."

मी वादविवाद संघाची कप्तान असूनही पिशवी उचलली. मी उठत होते तेवढ्यात साहेबांनी दार लोटलं आणि आवाज खाली आणला. "पोरी, सोमवारी मंत्रीसाहेब येतायत आणि माझी चटई राखेने पार गेली. मध्यम लांबीची आहे का गं एखादी?"

अशा रीतीने सरकार आमचं पहिलं गिऱ्हाईक झालं.

त्यानंतर धंदा असा चालला की शेजारच्या अकानेसीकाकू रोज कुंपणावर हनुवटी टेकवून सल्ला द्यायला लागल्या. सल्ला हा आमच्या गल्लीत एकमेव माल आहे ज्याचा तुटवडा कधी पडला नाही. "भाडं वाढव गं. भाडं कमी कर गं. बारीक माणसांना कमी लाव, त्यांच्या कमरेला कमी झिजते." मी सगळं हसून ऐकायची. मोठ्या उद्योजकांना हे सोसावंच लागतं.

मग मंगळवारी इनोकेकाका आले. आई चर्चमध्ये गाण्याच्या तालमीला गेली होती. इनोकेकाका म्हणजे बाबांचे मामेभाऊ, मासेमारी करतात, बोट लाटेने नेली. त्यांचे वडील त्याच पहाटे गेले होते. एवढा दांडगा माणूस खिडकीच्या जाळीला धरून रडत होता.

"लेसिएली, बाबांच्या मयताला मी काय नेसू? घरात एक धड चटई नाही राहिली."

मी त्यांना मध्यम दर्जाची दाखवली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग थप्पीच्या वर पाहिलं, मग परत रडले. आता तुम्हीच सांगा, ज्याचे वडील गेले त्याला मध्यम दर्जा? मी उद्योजक आहे, राक्षस नाही. शिवाय संध्याकाळी परत येणारच होती. मी स्टुलावर चढले आणि फोउंगाआजींची चटई काढून दिली.

"नेसायची फक्त हं, काका."

"बापाशपथ," ते म्हणाले. त्या दिवशी ही शपथ घ्यायला नको होती.

मयताला सगळं गाव होतं. आता आमच्याकडे मयत म्हणजे नुसतं रडणं नसतं. गेलेल्याच्या बहिणीची थोरली मुलगी सगळ्यांच्या वर बसते, आणि येणाऱ्या चटयांतल्या उत्तमातल्या उत्तम तिच्यापुढे जातात. तिला नाही म्हणायचं नाही, तिच्याकडून परत मागायचं नाही. मी गर्दीतून मान उंच करून पाहिलं, त्या मानाच्या जागी कोण बसलंय. ऐसपैस, काळ्या कपड्यात, जगाची मालकीण असल्यासारखी, आमची लोसाआत्या.

मेलेले आजोबा बाबांचे मामा, म्हणजे अर्थातच आत्याचेही मामा. एवढं साधं नातं गावात सगळ्यांच्या लक्षात होतं. मी त्या आठवड्यात अर्थव्यवस्थेच्या विचारात होते.

इनोकेकाकांच्या सावत्र भावांनी गठ्ठे आणून ठेवले. मग इनोकेकाकांकडची मंडळी आली, त्यांचा ढीग गुडघ्यापर्यंतही येईना. लोक बघायला लागले. कुणीतरी खोकलं. काकांचा चेहरा लाल झाला. त्यांनी एकदा आकाशाकडे पाहिलं, कमरेचा दोर सोडला आणि फोउंगाआजींची चटई उलगडून आत्याच्या पायाशी अंथरली.

सगळं गाव रडलं. मीही रडले. माझं कारण वेगळं होतं.

"मुलगा असावा तर असा!" अकानेसीकाकू नाक पुसत म्हणाल्या.

आत्याने चटईचं टोक बोटांत धरून चोळलं, मान डोलावली आणि चटई तिच्या गाडीत चढवली गेली.

घरी आईला सांगितलं तेव्हा ती ओरडली नाही. आई ओरडत नाही तेव्हा मला जास्त भीती वाटते. तिने फक्त खुर्चीत बसून पंख्याने वारा घेतला आणि म्हणाली, "शुक्रवारी फोउंगाआजी येतील. मी त्यांना काय देऊ, तुझा निबंध?"

मी बाबांकडे गेले. "बाबा, तुमची बहीण आहे. तुम्ही मागा ना."

"माझी बहीण आहे म्हणूनच," बाबा म्हणाले आणि डुकरांना खायला घालायला निघून गेले. डुकरांनी नुकतंच खाल्लं होतं. आमच्याकडे भावाने बहिणीसमोर तोंड वर करून काही मागायचं नसतं, आणि भावाच्या बायकोने तर मुळीच नाही. भावाच्या मुलांकडच्या ज्या वस्तूवर आत्या हात ठेवेल ती तिची, आणि ती मुलं म्हणजे तिच्या पायाखालची धूळ. तेव्हा कुटुंबाने एकमताने ठरवलं की धुळीने जावं.

"दुसरी तशीच दिसणारी नेऊन बदल," अकानेसीकाकूंनी कुंपणावरून सुचवलं. "लोसाला काय कळतंय?" लोसाआत्याला एखाद्या चटईचा धागा बघून ती विणणारी बाई डावखुरी होती की नाही ते कळतं. मी काकूंचे आभार मानले.

बुधवारी शाळेतून थेट आत्याकडे गेले आणि उंबऱ्याबाहेर बसले.

"अगं, बाहेर का? आत ये," आत्या म्हणाली. मी आत गेले. "तिथेच बस," आत्या म्हणाली. मी दाराशी बसले. मग तिने माझ्यापुढे सुरणाची टोपली सरकवली. वादविवाद संघाच्या कप्तानाने तासभर सुरण सोलले.

"आत्या," शेवटी मी धीर केला, "ती कालची चटई किती सुंदर होती, नाही?"

"होती काय, आहे! अशी हल्ली मिळत नाही." आत्या खूश झाली. "आता चर्चच्या वर्गणीचा दिवस येतोय, पाद्रीसाहेब सगळ्यांची नावं आणि आकडे मोठ्याने वाचतात. मी म्हटलं, ही तुझ्या आईकडेच ठेवावी आणि चांगले पैसे उचलावे. सख्ख्या नणंदेला काही ती कमी देणार नाही. काय?"

"काय," मी म्हणाले. जी चटई आमच्याकडेच तारण होती, ती आमच्याकडेच तारण ठेवून आमचेच पैसे नेणार होती. वाणिज्याच्या पुस्तकात याला काय म्हणतात ते मला आठवेना.

मी उठणार तोच बाहेर गाडीचा भोंगा वाजला. आत्या खिडकीपाशी गेली आणि तिच्या अंगातलं वारंच गेलं. "अगो बाई! केसायाआत्या दवाखान्यातून परत येतायत!" आणि माझ्या डोळ्यांदेखत त्या भव्य बाईने बिस्किटांचा नवा डबा पलंगाखाली लोटला, भिंतीवरचं घड्याळ काढून उशीत खुपसलं आणि टीव्हीवर चादर टाकली. गाडी न थांबता पुढे गेली. आत्याने कपाळ पुसलं. "थांबल्या असत्या तर घड्याळ गेलं असतं," ती पुटपुटली. "गेल्या वेळी इस्त्री नेली."

माझ्या हातातला सुरण खाली पडला. आत्यालाही आत्या असते! ही गोष्ट मला जन्मापासून माहीत होती आणि आजवर कधी सुचली नव्हती.

केसायाआजी म्हणजे आमच्या आजोबांची थोरली बहीण. त्यांच्याहून वरच्या मानाचं आता कुणी जिवंतच नाही. गुरुवारी मी नारळाच्या दुधातलं मटणाचं भांडं घेऊन त्यांच्याकडे पोचले. त्या मागच्या ओसरीवर बसल्या होत्या, तोंड केळीच्या झाडाकडे.

मी सगळं सांगितलं, काहीही न लपवता. त्यांनी मटण संपवलं, बोटं चाटली आणि विचारलं, "म्हणजे मी लोसाकडून चटई उचलायची. मला काय मिळेल?"

"तुम्हाला काय हवं, आजी?"

"जागा. सून मला इथे बसवते, शांतता मिळावी म्हणून. ही केळ मी लावलीय. मला माहितीय ती काय करते. काही करत नाही." त्यांनी हनुवटीने रस्त्याच्या दिशेला खूण केली. "तुझ्या आईच्या खिडकीपाशी दिवसभर माणसं येतात ना? भांडतात, रडतात?"

"जास्त करून दोन्ही."

"तिथे मला खुर्ची."

सौदा ठरला. अकानेसीकाकूंच्या नवऱ्याच्या गाडीतून आम्ही आत्याच्या दारात उतरलो. आजी आत गेल्या, टीव्हीवरच्या चादरीकडे बघून खुदकन हसल्या, आणि काठी थेट चटईवर ठेवली.

"ही."

"घ्या ना, आत्याबाई," लोसाआत्या म्हणाली. तिचं हसू असं होतं की जणू कुणीतरी तिच्या पायावर उभं आहे. "तुमचंच आहे सगळं."

"माहितीय," आजी म्हणाल्या. जाता जाता बिस्किटांचा डबाही घेतला.

गाडीत बसल्यावर मी विजयाचं भाषण मनात जुळवत होते. आजी मांडीवरची चटई कुरवाळत होत्या.

"छान आहे गं. मी ठेवते ही."

"आजी!"

"मरताना गुंडाळायला बरी. माझ्या सगळ्या त्या सुनेने वाटून टाकल्या."

"आजी, ही फोउंगाआजींची आहे! परवा लग्न आहे!"

"फोउंगाच्या नातीचं? मला तर बोलावणं नाही." आजींनी बिस्कीट तोंडात टाकलं आणि खिडकीबाहेर पाहू लागल्या. तेव्हा मला कळलं, चटईची किंमत म्हणजे ते बोलावणं.

मी गाडी फोउंगाआजींच्या गल्लीत वळवायला लावली, केसायाआजींना बिस्किटांसोबत गाडीतच ठेवलं आणि धावत आत गेले. फोउंगाआजी अंगणात केळीच्या पानांत पुड्या बांधत होत्या.

"केसायाला बोलवू? ती आली तर सगळ्यात पुढे बसेल. मोठं डुक्कर तिच्यापुढे जाईल. आणि मी मोठं डुक्कर आणू कुठून, समुद्रातून? तुझ्या आईचं व्याज कुणी भरायचं?"

मी श्वास घेतला. आईला विचारायला वेळ नव्हता. "आई म्हणाली, व्याज सोडलं. त्यात डुक्कर बसेल."

फोउंगाआजींनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. "मनूसिऊ म्हणाली? व्याज सोडलं? तिला ताप आहे का?" पण हात पुसून त्या गाडीपाशी आल्या, खाली वाकल्या आणि म्हणाल्या, "केसाया, सिलियाच्या लग्नाला तू पुढे बसावंस, अशी इच्छा आहे." सुदैवाने चटईवर तोवर बिस्किटांचा चुरा, काठी, पिशवी आणि केसायाआजी असं सगळं होतं, त्यामुळे ती ओळखू आली नाही.

"बघते," आजी म्हणाल्या. गाडी सुरू झाल्यावर त्यांनी चटई माझ्या मांडीवर टाकली. "झटकून ठेव. चुरा लागलाय."

आईला व्याजाचं सांगितलं तेव्हा मात्र ती ओरडली. मला एकदम हलकं वाटलं.

शुक्रवारी फोउंगाआजींनी मुद्दल दिलं, चटई नेली. शनिवारी सिलिया त्या चटईत अशी दिसली की बायका कुजबुजल्या, "मनूसिऊने ठेवली हो जपून, राखेचा एक कण नाही!" आई मान खाली घालून लाजली. मी अभिमानाने सगळ्यांकडे पाहिलं. पलीकडच्या रांगेतून लोसाआत्या नवरीकडे एकटक बघत होती. तिने तोंड उघडलं. पुढच्या आसनावरून केसायाआजींनी नुसती मान वळवली. आत्याने तोंडात सुरण घातला.

सोमवारपासून आजी आमच्या खिडकीपाशी खुर्चीत. आणि मग गंमत सुरू झाली. ज्यांनी महिनोन्‌महिने तोंड दाखवलं नव्हतं ते कर्जदार रस्त्याने जाता जाता थबकायला लागले. आजी निम्म्या गावाची कुठून ना कुठून आत्या, उरलेल्यांची आत्याची आत्या. त्या काही बोलत नसत, फक्त ओळखत.

"तू व्हिलीचा ना? घेतले होतेस ना इथून?"

संध्याकाळी व्हिलीचा मुलगा दोन सुरण, एक मासा आणि थोडे पैसे घेऊन हजर. दुसऱ्या दिवशी सिओसाइया आले आणि विचारू लागले की आजी अर्धा दिवस त्यांच्याकडे बसतील का, ते कोंबडी देतील. ती त्यांच्याकडे उरलेली एकुलती एक होती. आजी म्हणाल्या, नाही, इथे भांडणं जास्त चांगली आहेत.

आईच्या डोक्यात प्रकाश पडायला माझ्यापेक्षा कमी वेळ लागला, आणि तेही निबंध न लिहिता. तिने चटया एकेक करून मालकिणींना परत केल्या, भाड्याची पाटी उतरवली. आता कर्ज हवं असेल त्याने आपल्या आत्याला घेऊन यायचं. आत्याने खिडकीशी उभं राहून 'हो, देईल हा' म्हणायचं. एवढंच तारण. बँकेला बुडवता येतं, सरकारला तर बुडवतातच, पण दर रविवारी चर्चमध्ये आत्याच्या मागच्या बाकावर बसून आत्याला बुडवणारा माणूस अजून आमच्या बेटावर जन्मला नाही. घर रिकामं झालं. मला आणि भावाला पहिल्यांदा जमिनीचा रंग दिसला.

वर्गणीच्या आदल्या आठवड्यात लोसाआत्या आली. काखेत दुसरी एक चटई, चेहऱ्यावर नणंदेचा थाट.

"मनूसिऊ, चांगले घसघशीत दे हं."

"चटई नाही घेत आता, वन्स," आई अगदी नम्रपणे म्हणाली. "आत्या आणावी लागते."

"आत्या?" लोसाआत्या मोठ्याने हसली. "या वयात मी आत्या कुठून आणू?"

खिडकीच्या कोपऱ्यातली खुर्ची कुरकुरली.

"बोल लोसा," केसायाआजी म्हणाल्या. "किती हवेत, आणि कधी देशील?"

आत्याने चटई एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली. मग परत पहिल्या.

"थोडेसेच," ती म्हणाली.